दिवाळं कंपनीचं, पलंग आपल्या घरात

एखादी कंपनी बुडाली की पुढे काय होतं ते आपण अनेकदा पाहिलेलं असतं. शटर खाली येतं, दारावर नोटीस चिकटते, कामगार फाटकाशी जमतात, पैसे अडकलेले लोक वकील गाठतात आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानाची वाट धरतं. १ ऑगस्ट २०२५ रोजी, शुक्रवारी, ब्रिटनमधली एनआरएस हेल्थकेअर ही कंपनी सक्तीच्या अवसायनात गेली, तेव्हा गिऱ्हाइकाला दुसरीकडे वळायची सोयच नव्हती. या कंपनीचा बहुतेक माल दुकानात नव्हता. तो लोकांच्या बैठकीच्या खोल्यांत, न्हाणीघरांत, जिन्याच्या तोंडाशी मांडलेला होता आणि त्यावर माणसं झोपलेली होती.

कंपनीचं मूळ नाव नॉटिंगहॅम रीहॅब, मुख्यालय लेस्टरशर परगण्यातल्या कोलव्हिल गावी. नोकरीला सुमारे दीड हजार माणसं. काम असं की चाळीसेक कौन्सिलांच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिका-महापालिकांच्या वतीनं आजारी, वृद्ध आणि अपंग रहिवाशांच्या घरी साहित्य पोचवायचं, बसवायचं, दुरुस्त करायचं आणि गरज संपली की परत आणायचं. साहित्यात वॉकर, कमोड खुर्ची, भिंतीला लावायचे धरदांडे अशा साध्या वस्तू आल्या. तसेच विजेवर वरखाली होणारे पलंग, बेडसोर होऊ नयेत म्हणून आलटून पालटून हवा भरणाऱ्या गाद्या आणि माणसाला झोळीत बसवून उचलणारे होइस्टही आले. आपल्याकडे भाड्यानं साहित्य देणारे दुकानदार त्या गादीला अल्फा बेड म्हणतात.

ही व्यवस्था चालते कशी, हे आधी पाहिलं पाहिजे, कारण आपल्या सवयीपेक्षा ती फार वेगळी आहे. आपल्याकडे डॉक्टर डिस्चार्ज लिहितात, रिक्षा किंवा अॅम्ब्युलन्स दारात येते, आणि मग घरातला एखादा भाऊ किंवा जावई पलंग शोधायला बाहेर पडतो. इंग्लंडमध्ये क्रम उलटा आहे. आधी ऑक्युपेशनल थेरपिस्ट रुग्णाची गरज तपासते. खुर्चीची उंची किती, शौचालयाचं दार किती रुंद, होइस्टची चाकं गालिच्यावर फिरतील का, असले प्रश्न ती विचारते. मग संगणकावरच्या ठरलेल्या यादीतून वस्तू निवडून ती ऑर्डर टाकते. नेहमीची वस्तू काही दिवसांत येते. रुग्णालयातून सुटका अडली असेल तर दुसऱ्या दिवशी, आणि माणूस शेवटच्या दिवसांत घरी येऊ पाहत असेल तर त्याच दिवशी. व्हॅनमधून दोघे जण उतरतात, पलंग जोडतात, बटणं दाखवतात आणि खाली एक चिकटपट्टी लावून जातात. तिच्यावर बारकोड असतो आणि बिघाड झाल्यास फिरवायचा फोन नंबर.

रहिवाशाला यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत. मँचेस्टरचे खासदार आल्फ मॉरिस यांनी खासगी विधेयक म्हणून मांडलेला १९७० चा अपंगविषयक कायदा हा त्याचा पाया. घरातल्या सोयींची जबाबदारी या कायद्यानं कौन्सिलवर टाकली. पुढे २०१४ च्या केअर अॅक्टनं इंग्लंडपुरतं स्पष्ट केलं की साधनं आणि १,००० पौंडांपर्यंतचे घरातले छोटे फेरफार मोफत द्यायचे. बऱ्याच ठिकाणी कौन्सिल आणि राष्ट्रीय आरोग्य सेवा आपापला पैसा एका थैलीत टाकून हे साहित्य घेतात. कोणाला द्यायचं हे थेरपिस्ट ठरवते, पैसा सरकारचा, आणि वस्तू हाताळते कंपनी. नागरिकाला मात्र रोज भेटते ती फक्त कंपनी.

कंपनी मधे आली कुठून? पंचवीस वर्षांपूर्वी चित्र निराळं होतं. कौन्सिलची वेगळी कोठारं, रुग्णालयाची वेगळी, शिवाय रेड क्रॉससारख्या संस्थांकडून उसन्या व्हीलचेअर. एकाच माणसाला कमोड खुर्ची एका दारी मिळे आणि चालायची चौकट दुसऱ्या दारी. २००० साली सार्वजनिक खर्च तपासणाऱ्या ऑडिट कमिशननं ‘फुली इक्विप्ड’ हा अहवाल काढून या विस्कळीत कारभारावर कडक ताशेरे ओढले. सेवा कुठे बरी, कुठे अगदीच वाईट, छोट्या छोट्या भांडारांमुळे खरेदीत किफायत नाही, असा त्याचा सूर होता. मग एकत्रीकरणाची मोहीम निघाली. कोठारं जोडली गेली, त्यांची कंत्राटं निघाली, कंत्राटं मोठी होत गेली, आणि इतकं मोठं काम पेलणाऱ्या कंपन्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या. लंडनमध्ये तर २१ बरोंनी, म्हणजे शहरातल्या कौन्सिलांनी, मिळून एकच कंत्राट काढलं आणि एप्रिल २०२३ पासून ते एनआरएसकडे आलं. विस्कळीतपणाचा तो आजार खरा होता, हे मान्य करायला हवं. उपचार करताना धोका मात्र एका जागी गोळा झाला. एकवीस छोट्या भांडारांपैकी एक बंद पडलं असतं तर शेजाऱ्यानं सांभाळून घेतलं असतं. एकवीस जणांचं मिळून एक पडलं तर शेजारीही त्याच रांगेत उभा.

पडझडीची लक्षणं आधीपासून होती. २०२४ च्या वसंतात कंपनीच्या संगणकांवर सायबर हल्ला झाला, यंत्रणा बंद पडल्या, आणि रहिवाशांची माहिती चोरीला गेली असावी असा इशारा काही कौन्सिलांना द्यावा लागला. त्याचा आर्थिक फटकाही बसला. आणि या धंद्याचं गणित मुळातच अरुंद आहे. कंत्राट अनेक वर्षांचं असतं आणि दर बोलीच्या वेळी ठरतात. मधल्या काळात पोलाद, डिझेल, समुद्री भाडं, काहीही महागलं तरी पलंग पोचवण्याचा दर सहजी बदलत नाही. एप्रिल २०२५ मध्ये ब्रिटनमधलं किमान वेतन तासाला १२.२१ पौंड झालं, मालकानं भरायचा राष्ट्रीय विम्याचा हप्ता १५ टक्क्यांवर गेला, आणि ज्या पगारापासून तो लागू होतो ती मर्यादाही वर्षाला ५,००० पौंडांपर्यंत खाली आली. व्हॅन चालवणाऱ्या आणि गाद्या धुणाऱ्या माणसांवर उभा असलेला धंदा असा चारही बाजूंनी दाबला जातो. सर्वांत कमी बोली स्वीकारताना कौन्सिलांना हे कळत नव्हतं असं मला वाटत नाही. त्यांच्याही तिजोऱ्या रिकाम्याच होत्या, आणि उद्याची अडचण आजच्या अंदाजपत्रकात दिसत नाही.

जुलैत कौन्सिलांना पर्यायी तयारी करायला सांगण्यात आलं आणि महिना पालटताच अवसायन झालं. इथे एक तांत्रिक मुद्दा समजून घेण्याजोगा आहे. ब्रिटनमध्ये अडचणीतली मोठी कंपनी बहुधा खासगी व्यावसायिक प्रशासकाच्या हाती जाते. तो ती चालवतो आणि विकतो. पण चालवायला रोख पैसा लागतो. तिजोरीत तो नसेल तर कुठलाही खासगी प्रशासक ती जोखीम अंगावर घेत नाही. मग न्यायालयाच्या हुकमानं सक्तीचं अवसायन होतं आणि ऑफिशियल रिसीव्हर हा सरकारी अधिकारी सूत्रं हाती घेतो. त्याच्या पाठीशी सरकारी पैसा उभा राहू शकतो. १५ जानेवारी २०१८ रोजी कॅरिलियन ही बांधकाम आणि सेवा कंपनी बुडाली तेव्हा हाच मार्ग वापरला गेला. तिच्याकडे सुमारे ४२० सरकारी कंत्राटं होती, त्यांत रुग्णालयांची साफसफाई होती, शाळांची जेवणं होती, तुरुंगांची देखभाल होती. म्हणजे वस्तू विकून घेणेकऱ्यांना पैसे वाटणं हा ज्या प्रक्रियेचा जन्मजात हेतू, तीच प्रक्रिया एनआरएसचं दुकान काही आठवडे उघडं ठेवण्यासाठी राबवली गेली. तेवढ्या काळात प्रत्येक कौन्सिलनं दुसरा पुरवठादार गाठायचा किंवा स्वतः उभं राहायचं.

गाठायचा म्हणजे नेमकं काय गाठायचं, हा या गोष्टीचा गाभा आहे. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, पलंग संपले असतील, नवे विकत घ्या. पण नवे पलंग बाजारात मिळतात. कठीण असतं ते दुसरंच.

साहित्याची ही सेवा फिरत्या मालावर चालते. कुणाची तब्येत सुधारते, कुणी वारतं, कुणी वृद्धाश्रमात जातं, की साहित्य परत येतं. ते धुतलं जातं, निर्जंतुक होतं, वीज आणि वजनाच्या चाचण्या होतात आणि मग पुढच्या घरी जातं. धुण्याच्या जागेतही एक शिस्त असते: मळका माल एका दारानं आत, स्वच्छ माल दुसऱ्या दारानं बाहेर, दोघांची गाठ पडता कामा नये. संकटाच्या पहिल्या आठवड्यात कोणीही शहाणा व्यवस्थापक सगळ्यात आधी परत आणण्याच्या फेऱ्या थांबवतो, कारण व्हॅन आणि माणसं तातडीच्या पोचवणीला हवी असतात. निर्णय बरोबर असतो. पण त्याच क्षणी उद्याच्या मालाचा नळ बंद होतो. आठवडा दोन आठवडे जातात आणि भांडारातली फडताळं रिकामी होऊ लागतात. तिकडे एखाद्या घरात माणूस जाऊन महिना झालेला असतो आणि त्याचा पलंग बैठकीच्या खोलीत तसाच उभा असतो. भेटायला येणारे त्याच्याकडे पाहतात, घरच्यांना तो हलवता येत नाही, फेकता येत नाही आणि कुणाला देताही येत नाही.

तातडी ठरवण्याचंही एक कोष्टक असतं. मरणासन्न माणूस आणि रुग्णालयात अडकलेला माणूस आधी. त्यानंतर चालू साहित्यातले जीवघेणे बिघाड: हवेच्या गादीचा पंप बंद पडला तर गादी खाली बसते आणि ज्याला कूस बदलता येत नाही त्याच्या पाठीला काही तासांत जखमा सुरू होऊ शकतात; होइस्ट अडकला तर दोन काळजीवाहिका येऊनही माणसाला पलंगावरून उठवू शकत नाहीत. न्हाणीघरातला धरदांडा यादीत खाली जातो. आता वाट पाहणाऱ्या आजी त्याच आठवड्यात न्हाणीत घसरून पडल्या तर त्या पुन्हा वरच्या रांगेत येतात, पण रुग्णालयातून.

होइस्टला आणखी एक घड्याळ जोडलेलं आहे. माणूस उचलणाऱ्या साधनांची दर सहा महिन्यांनी जाणकार व्यक्तीकडून कसून तपासणी व्हावी, असं १९९८ च्या उचल-साधन नियमांनुसार अपेक्षित आहे. पुरवठादार बदलला म्हणून ती तारीख पुढे सरकत नाही. नव्या पुरवठादाराला पहिल्या दिवसापासून माहीत हवं की कुठल्या गल्लीतल्या कुठल्या घरातला कुठला होइस्ट कधी तपासलेला आहे. म्हणजे खरी ठेव पलंग नव्हे, नोंद आहे. आणि ती नोंद बहुतेक वेळा पुरवठादाराच्याच संगणकप्रणालीत असते. माहिती-संरक्षणाच्या कायद्यात या माहितीची मुख्य जबाबदारी कौन्सिलवर येते आणि कंपनी केवळ तिच्या वतीनं ती हाताळते. पण ज्याच्या हाती प्रणाली त्याच्या हाती किल्ली. कौन्सिलनं दर आठवड्याला त्या यादीची स्वतःकडे प्रत घेऊन ठेवली असेल तर हस्तांतर अवघड पण शक्य असतं. घेतली नसेल तर भांडार कोसळायच्या आधीच सेवा आंधळी झालेली असते. २०२४ च्या सायबर हल्ल्यानं ही धोक्याची घंटा एकदा वाजवलेली होती.

शिवाय मालकीचा गुंता. काही कंत्राटांत कौन्सिल वस्तू पूर्ण किमतीला विकत घेते आणि ती परत आली की किमतीचा मोठा भाग तिच्या खात्यात जमा होतो. चालू धंद्यात हे सोयीचं. पण कंपनी बुडाली की ती जमा म्हणजे निव्वळ कागदावरचं येणं. कौन्सिल विनातारण घेणेकऱ्यांच्या रांगेत, कामगारांच्या थकबाकीच्या आणि कराच्या मागे. भांडारात पडलेल्या नव्या मालाचं आणखी वेगळं. पलंग बनवणाऱ्यानं बिल चुकेपर्यंत मालकी स्वतःकडे ठेवण्याची अट लिहिलेली असेल, तर तो गोदामाच्या दारात येऊन माझा माल मला द्या म्हणू शकतो. गोदामाच्या जागेचा मालक भाडं मागतो. व्हॅन भाडेपट्ट्यावर असतात. आणि जी माणसं हे सगळं पाठ जाणतात, म्हणजे कुठल्या इमारतीची लिफ्ट लहान आहे, कुठल्या घरी कुत्रा आहे, कुठल्या काकूंना दाराशी यायला दहा मिनिटं लागतात हे ज्यांना ठाऊक आहे, ते चालक आणि तंत्रज्ञ नोकरी टिकेल की नाही या चिंतेत असतात. ते पांगले की नवा पुरवठादार कोरी वही घेऊन सुरुवात करतो.

लंडनमधल्या मराठी घरांना ही बातमी परकी नाही. महाराष्ट्र मंडळ लंडनची स्थापना १९३२ ची. साठ-सत्तरच्या दशकांत मुंबई-पुण्याहून डॉक्टर होऊन तिकडे गेलेली, राष्ट्रीय आरोग्य सेवेत हयात घालवलेली पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. वॉर्डात राउंड घेताना ज्यांनी हजारो डिस्चार्ज लिहिले, त्यांच्याच खोलीत आज कौन्सिलनं पाठवलेला पलंग आहे. मुलगी पुण्याला किंवा कॅलिफोर्नियात असली तर व्हिडिओ कॉलवर आईला पलंगाखालची चिकटपट्टी वाचायला सांगणं, तो नंबर लागतो का पाहायला सांगणं, एवढंच तिच्या हातात उरतं.

इकडे आपल्या गावात या गोष्टीकडे पाहताना प्रथम थोडा अभिमान वाटतो. महाराष्ट्रातल्या कित्येक गावांत रुग्णसाहित्य केंद्रं आहेत. देवस्थानाच्या मागची खोली, गणेश मंडळाचा गाळा, एखाद्या सेवासंस्थेचं कार्यालय. अनामत भरा, वहीत सही करा, पलंग घेऊन जा, काम झालं की पुसून परत आणा आणि अनामत घेऊन जा. कंपनी नाही, म्हणून दिवाळंही नाही. पण अभिमान फार वेळ टिकत नाही. तिथे फारतर फाउलर कॉट, वॉकर, कमोड खुर्ची मिळते. होइस्ट बहुधा नसतो, घरी येऊन मोजमाप घेणारं कोणी नसतं, आणि गादीचा पंप रात्री बंद पडला तर केंद्राच्या काकांचा मोबाईल हीच आपत्कालीन सेवा. मुख्य म्हणजे तिथे मागणारा हक्कानं मागत नाही.

सरकारी बाजूला आपलीही मदार ठरावीक दारांवर आहे. १९८१ पासून चालत आलेल्या अपंगांसाठीच्या एडिप योजनेत तीनचाकी, कुबड्या, श्रवणयंत्रं वाटली जातात आणि त्यांतला मोठा हिस्सा कानपूरच्या अलिम्को या केंद्र सरकारच्या कंपनीकडून येतो. आधी तपासणी शिबिर, मग यादी, मग वाटपाचं शिबिर, मग फोटो. तीनचाकीची बॅटरी खालावल्यावर काय करायचं, हे फोटोत दिसत नाही. २०२४ मध्ये महाराष्ट्रानं मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील गरजूंच्या खात्यात एकरकमी ३,००० रुपये टाकायला सुरुवात केली. वस्तूऐवजी पैसा, निवड ज्याची त्याची. त्यात मोकळीक आहे. पण तीन हजारांत चष्मा आणि काठी येईल, पलंग येत नाही, आणि ती काठी त्या माणसाच्या उंचीला बरोबर आहे का हे पाहायला कोणी येत नाही.

पुन्हा इंग्लंडकडे. या प्रकरणात मला सर्वांत खटकलेली गोष्ट अशी की असं कोसळणं त्या देशानं आधी पाहिलेलं होतं आणि त्यावर कायदाही केला होता. २०११ मध्ये सदर्न क्रॉस ही सुमारे ७५० वृद्धाश्रम चालवणारी कंपनी बुडाली. एकतीस हजार वृद्ध एका रात्रीत बेघर होतील की काय अशी भीती पसरली. त्यातून शहाणं होऊन २०१४ च्या केअर अॅक्टमध्ये बाजारावर नजर ठेवण्याची तरतूद आली: ज्यांची जागा घेणं कठीण अशा मोठ्या काळजी-संस्थांच्या हिशेबावर केअर क्वालिटी कमिशननं लक्ष ठेवायचं आणि सेवा थांबण्याचा धोका दिसला की कौन्सिलांना वेळीच सावध करायचं. २०१८ च्या नोव्हेंबरात अलाइड हेल्थकेअर ही घरी काळजीवाहक पाठवणारी कंपनी डळमळली तेव्हा कमिशननं ८४ कौन्सिलांना तसा इशारा दिलाही. पण ही नजर काळजी घेणाऱ्या माणसांच्या संस्थांवर आहे, साहित्य देणाऱ्या कंपन्यांवर नाही. घरी येऊन पाठ पुसणारी काळजीवाहिका कायद्याच्या दृष्टीला दिसते. तिला ज्याच्याशिवाय ते काम करताच येत नाही तो होइस्ट दिसत नाही. पलंग म्हणजे फर्निचर, अशी काहीतरी समजूत यामागे असावी.

आता नव्या कंत्राटांत काय काय लिहून घ्यावं याच्या याद्या तयार होतील. नोंदींची प्रत कौन्सिलकडे असावी. कंपनी अडली तर कौन्सिलला गोदामात शिरून काम हाती घेता यावं. हिशेबाची वही खुली असावी. दर महागाईशी बांधलेले असावेत. यातलं शेवटचं सोडून बाकीचं लिहिणं स्वस्त आहे. २४ फेब्रुवारी २०२५ पासून लागू झालेल्या नव्या खरेदी कायद्यात आणीबाणीच्या वेळी निविदेविना थेट काम देण्याची मुभा आहे आणि अशा वेळी तिचा उपयोग होतो. पण मेडिक्विप, मिलब्रुक अशा मोजक्याच मोठ्या पुरवठादारांच्या दारात गरजवंत म्हणून एकाच महिन्यात सगळे गेले, तर दर कोण ठरवणार हे सांगायला नको.

काही कौन्सिलांनी भांडार खासगी हाती दिलंच नाही. लीड्समध्ये कौन्सिल आणि तिथली आरोग्य सेवा मिळून ते चालवतात. तिथेही पलंग त्याच कारखान्यांतून येतात, तेच समुद्री भाडं लागतं, व्हॅनचालकाला तेच वाढलेलं वेतन द्यावं लागतं. तोटा तिथेही होईल, पण तो अंदाजपत्रकाच्या सभेत नगरसेवकांसमोर येईल, न्यायालयाच्या आदेशातून नाही. आणि कौन्सिलची तिजोरी पारच आटली तरी तिला कंपनीसारखं अवसायनात जाता येत नाही. २०२३ मध्ये बर्मिंगहॅम आणि नॉटिंगहॅम या दोन्ही महापालिकांनी १९८८ च्या कायद्यातल्या कलम ११४ ची नोटीस काढली. खर्च भागवता येत नाही, असं त्या नोटिशीनं जाहीर करायचं असतं. त्यानंतर नवा खर्च थांबतो. कायद्यानं बांधलेल्या सेवा मात्र चालू ठेवाव्याच लागतात. अपंगांच्या घरातली सोय त्यांतच मोडते.